हॅम्पस्टेडचें उद्यान-उपनगर : हिरवळीची सनद व तिचे राखणदार

सनदा, कौलनामे व महजर जतन करणारांस हें सांगावयास नको कीं, कागद शाबूत राहिला म्हणजे त्यांतील अटहि शाबूत राहते असें नाहीं. अट चालविणारीं माणसें पाठीशीं असावीं लागतात. याचें एक बोधप्रद उदाहरण लंडन शहराच्या वायव्येस असलेल्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या वसाहतींत आढळतें. तेथें कागदाच्या बळावर राखावयाची वस्तु म्हणजे किल्ला किंवा देवालय नव्हे. रस्त्याकडेचीं झाडें व घरांपुढील जिवंत कुंपणें, हीच ती वस्तु होय.

या वसाहतीची मूळ कल्पना हेन्रिएटा बार्नेट (१८५१–१९३६) या बाईंची. त्यांचे पति सॅम्युएल बार्नेट हे पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या दरिद्री भागांत धर्मोपदेशक होते, व १८८४ सालीं तेथें टॉयनबी हॉल ही संस्था उभयतांनीं स्थापिली. गर्दीच्या चाळींतील जिण्याचा त्यांस निकट परिचय होता. पुढें भुयारी रेल्वे गोल्डर्स ग्रीनपर्यंत येणार असें ठरलें, तेव्हां हॅम्पस्टेड हीथ या माळरानालगतची, ईटन कॉलेजच्या मालकीची शेतजमीन घरांखालीं जाणार हें स्पष्ट दिसूं लागलें. बाईंनीं मोठी खटपट करून ८० एकर जमीन माळरानास जोडून सार्वजनिक करविली, आणि तिच्या लगतची २४३ एकर जमीन १९०७ सालीं एका ट्रस्टाच्या नांवें खरेदी झाली. त्याच वर्षीं रेल्वेहि सुरू झाली. वसाहतीची आखणी रेमंड अन्विन यांनीं केली, व मध्यवर्ती चौकाचें काम एडविन लुटेन्स यांजकडे गेलें. हेच लुटेन्स १९१२ पासून नव्या दिल्लीच्या रचनेंत गुंतले, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे.

तत्कालीन स्थानिक नियमांप्रमाणें प्रत्येक रस्ता रुंद ठेवणें भाग असे. यामुळें फरसबंदीचा खर्च वाढे व बागेची जागा घटे. म्हणून १९०६ सालीं या वसाहतीपुरता एक स्वतंत्र कायदा पार्लमेंटकडून संमत करून घेण्यांत आला. घरांची संख्या सरासरीनें एकरीं आठांहून अधिक नसावी; रस्त्याच्या दोहों बाजूंच्या घरांत निदान ५० फुटांचें अंतर असावें; आणि ५०० फुटांहून लांब नसलेली आडगल्ली २० फूट रुंद असली तरी चालावी, अशा त्यांतील मुख्य तरतुदी होत. फरसबंदींत वांचलेली जागा बागांस व वृक्षांस मिळाली. घरांमध्यें भिंती नसाव्यात, कुंपणें असावींत. प्रत्येक रस्त्यावर झाडें असावींत, हा बाईंचा आग्रह होता. भिंत ही ज्याची त्यालाच उपयोगी. परंतु हिरव्या कुंपणाची बाहेरची बाजू वाटसरूच्याहि उपयोगीं पडते.

मात्र भिंतीहून कुंपणाची निगा कठीण. तें वेळोवेळीं छाटलें नाहीं तर खालून विरळ होतें. शिवाय एकानें मोटार उभी करण्याकरितां आपल्या घरापुढचें कुंपण काढलें कीं ओळ खंडित होते, व शेजाऱ्यास तोच दाखला मिळतो. एकाचें सोयीस्कर कृत्य अशा रीतीनें सर्वांचें नुकसान ठरतें. म्हणूनच ही बाब ज्याच्या त्याच्या मर्जीवर न सोडतां पट्ट्यांतील अटींत घातली गेली. जमिनीची मालकी एकहातीं ठेवून घरवाल्यांस दीर्घ मुदतीचे पट्टे दिले होते, व घराच्या बाह्य स्वरूपांत फेरफार करण्यास परवानगी लागे.

या व्यवस्थेवर खरें संकट आलें तें १९६७ सालीं. त्या वर्षींच्या पट्टेसुधारणा कायद्यानें पट्टेदारांस जमिनीची पूर्ण मालकी विकत घेण्याचा हक्क दिला. हक्क न्याय्य होता; पण पट्टा संपला कीं त्यांतील अटींची पकडहि सुटणार. तथापि त्याच कायद्यांत असें एक कलम होतें कीं, एकत्रित व्यवस्था असलेल्या वसाहतींस उच्च न्यायालयाच्या मंजुरीनें व्यवस्थापन-योजना लागू करतां येईल. रहिवाशांनीं हें कलम हातीं धरलें. १९६८ सालीं नवा ट्रस्ट उभा राहिला; त्याच वर्षीं वसाहत संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाली; आणि १९७४ सालीं योजनेस न्यायालयाची मंजुरी मिळाली. तेव्हांपासून पूर्ण मालक झालेल्या घरवाल्यासहि बाह्य फेरफारास व वृक्षतोडीस ट्रस्टाची संमति घ्यावी लागते, आणि सामायिक व्यवस्थेच्या खर्चाचा वांटा उचलावा लागतो.

परंतु योजना झाडास पाणी घालीत नाहीं. पदपथावरील झाड नगरपरिषदेचें, कुंपण घरवाल्याचें, देखरेख ट्रस्टाची, अशी येथें विभागणी आहे. आणि या तिहींच्या मधें जें काम पडून राहण्यासारखें असतें तें वेतन न घेणारे रहिवासी करितात. त्यांचा संघ १९११ सालचा असून वृक्ष व मोकळ्या जागा यांकरितां त्याची निराळी समिति आहे. वाळलेल्या झाडाची नोंद घेणें, त्या जागीं दुसरें लावण्याविषयीं परिषदेकडे तगादा लावणें, नव्या बिऱ्हाडास जुनी रीत समजावून देणें, हीं कामें दिसण्यांत क्षुल्लक, पण त्यांवांचून अट कागदावरच राहती. वसाहतीचे नकाशे, पत्रव्यवहार व छायाचित्रें यांचा संग्रहहि लंडनच्या सार्वजनिक दप्तरखान्यांत सुरक्षित आहे. एखाद्या दारापुढें पूर्वीं काय होतें असा वाद पडल्यास असें जुनें छायाचित्र हाच उत्तम साक्षीदार होय.

येथें एक उणीव सांगणें अवश्य आहे. श्रीमंत व कष्टकरी यांनीं एकाच वसाहतींत नांदावें, हा बाईंचा मूळ हेतु होता, व त्यासाठीं अल्प भाड्याचीं घरेंहि बांधलीं होतीं. आज तेथील घरें सामान्य कष्टकऱ्याच्या आटोक्याबाहेर आहेत. कुंपणास अटीचें टिकाऊ संरक्षण मिळालें, अल्प भाड्यास तें मिळालें नाहीं. सनदेंत काय लिहिलें यासारखेंच काय लिहावयाचें राहिलें हेंहि संशोधकानें पाहिलें पाहिजे, तें याकरितां.

वृक्षांची चिंता कागदावर आणण्याची रीत आपल्याकडेहि नवी नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाचा विचार करितांना रयतेच्या आंबा-फणसांस धक्का लावूं नये अशी ताकीद आहे, व ती झाडें वाढविणाराच्या श्रमांकडे पाहून दिलेली आहे. आपल्या दप्तरांतून राजकीय पत्रें निवडलीं जातात. आमराया, बागा व वाटेवरील झाडें यांविषयींचे तंटे आणि करार मात्र किरकोळ म्हणून बाजूस पडतात. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते वेगळे काढून त्यांची यादी करावी, आणि ज्या झाडांविषयीं ते आहेत त्यांतील कोणतीं उभीं आहेत हें प्रत्यक्ष जाऊन पाहावें.