खड्याची चमक आणि छातीतली धूळ

जालना जिल्ह्यात विहीर खोदताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडवल्यावर काळ्या पाषाणात कधी कधी पोकळी उघडी पडते आणि आत पांढरे, गुलाबी, क्वचित जांभळे स्फटिक चमकतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे त्या पोकळ्यांत साचली.

यातले स्टिल्बाइट, ह्युलंडाइट संग्राहकांना प्रिय. पण अंगठीसाठी मऊ आणि ठिसूळ. काठिण्याच्या मोज मापनात हिरा १०, गारगोटी ७, तर हे जेमतेम ४. जांभळा स्फटिक तापवला की अनेकदा पिवळा होतो. पुष्कराज म्हणून तोच गळ्यात मारला जात नाही ना, हे घेणाऱ्याने पाहावे.

कच्च्या अकीकाला फारसा भाव नसतो. किंमत येते घासण्यातून, आणि धोकाही तिथेच. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. गुजरातमधील खंभातच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिस कित्येक वर्षांपासून आढळतो. काम घरातच चालत असल्याने बायका-मुलांच्या श्वासातही ती धूळ जाते. फुफ्फुसात गाठी होतात. हा आजार बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो आणि क्षयाचा धोका वाढवतो. एक्स-रेमध्ये तो क्षयासारखा दिसू शकतो, म्हणून दम लागणाऱ्याने आपण काय काम करतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. सापडलेला दगड घरच्या ग्राइंडरवर कोरडा घासू नये. पाण्याची धार सोडूनच घासावा.