हातचा कुठून आला?

पालकसभेला येणाऱ्या अम्मी आम्हा शिक्षकांना हमखास एक वाक्य ऐकवतात : "बाकीचं बघून घेते, पण गणित माझ्याच्यानं होत नाही. मी उर्दूतून सातवीपर्यंतच शिकले." चौथीतल्या एका मुलीच्या अम्मीने तर पुढे सांगून टाकले, "हिचं डोकंच गणिताचं नाही. पाचवीनंतर शिलाईला बसवते."

आम्ही वही उघडली. 503 वजा 167, उत्तर 464. मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता : सातातून तीन, सहातून शून्य, पाचातून एक. म्हणजे तिला वजाबाकी येत होती. शून्याकडून हातचा कसा घ्यायचा, एवढेच अडले होते. अर्धा वर्ग इथेच अडतो.

त्या अम्मी ब्लाउज शिवतात. आम्ही विचारले, "शंभराच्या पाच नोटा आणि तीन रुपये आहेत. 167 द्यायचे, कसे द्याल?" त्या लगेच म्हणाल्या, "एक नोट मोडीन." झाले! शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा, त्यातल्या एकीचे दहा सुटे रुपये. आता हातात शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि सुटे तेरा. तेरातून सात गेले सहा, नवातून सहा गेले तीन, चारातून एक गेला तीन. 336. पडताळा म्हणून 336 मध्ये 167 मिळवायला सांगितले, 503 आले. उर्दू शाळेत ज्याला तफ़रीक़ म्हणत, तीच ही वजाबाकी. आणि गंमत म्हणजे 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द मुळात अरबीच!

वेळेच्या गणितात हाच हातचा उलटा नडतो. एसटी 9.45 ला सुटली, 12.20 ला पोचली, किती वेळ लागला? मुले 2.75 लिहितात, कारण तासाचा हातचा ते शंभराचा धरतात. असतो तो साठाचा. इथे मांडणी करूच नका. पावणेदहा ते दहा 15 मिनिटे, दहा ते बारा 2 तास, वर 20 मिनिटे : 2 तास 35 मिनिटे.

घरात दखनी आणि शाळेत मराठी असली की आणखी एक गोंधळ होतो. 'एकोणसत्तर' ऐकून मूल 79 लिहिते, कारण कानावर 'सत्तर' पडलेले असते. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून 52. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! आम्हाला ती कल्पना वाईट वाटली नव्हती. घरी दोन्ही म्हणून घ्या, बिघडत नाही. मात्र चुकले की धपाटा नको. "हे कसं काढलंस, सांग बरं" एवढेच विचारा. मूल सांगता सांगता बहुतेक वेळा स्वतःच थांबते.

ती मुलगी आता पाचवीत आहे. शिलाईचा विषय तूर्त मागे पडलाय. परवा अम्मींनीच आम्हाला रस्त्यात गाठले : "अर्धा अधिक एक तृतीयांश, हिने दोन पंचमांश लिहिलंय. पण अर्ध्यात काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

उत्तर पाच षष्ठांश. पण ते आम्ही सांगितले नाही. म्हटले, "रोटीचे सहा तुकडे करा, दोघी मिळून बघा."