कोणता डास, कुठल्या पाण्यातला?

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलं गाव, पावसाळा उतरणीला लागला की ग्रामपंचायतीकडे एक मागणी हमखास येते. डास फार झालेत, धूर फवारणी करा. यंत्र येतं, गल्लीबोळात पांढरा धूर पसरतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. धुराने मरतात ते त्या वेळी हवेत उडणारे डास. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा काही त्रास होत नाही. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि घरात टांगलेल्या कपड्यांमागे, कॉटखाली बसून राहतो. तिथपर्यंत गल्लीतला धूर क्वचितच पोचतो.

भारतात डासांच्या सुमारे 400 प्रजाती आहेत. त्यातल्या मोजक्याच आपल्याला आजारी पाडतात, आणि त्या प्रत्येकीचं पाणी ठरलेलं आहे. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस बहुधा स्वच्छ पाणी निवडतो. नाल्यात साचलेली डबकी, कालव्याच्या कडेची झिरप, विहिरी, सिमेंटच्या टाक्या ही त्याची ठिकाणं. हत्तीरोगाचा क्युलेक्स गटारात आणि संडासाच्या टाकीत वाढतो. डेंग्यू आणि चिकनगुनियाचा एडिस इजिप्ती आपल्या घरातच असतो. रांजण, हौद, प्लास्टिकचा ड्रम, कूलर, अंगणात पडलेला टायर.

यांना ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. भिंतीवर बसलेला डास मागचा भाग वर करून तिरका दिसला तर तो बहुधा ॲनोफिलीस. त्याच्या पंखांवर काळे-पांढरे ठिपके असतात. क्युलेक्स भुरकट, भिंतीला समांतर बसणारा. एडिस काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि इजिप्तीच्या पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण. त्याचाच भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस. त्याच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असते.

अळ्या तर त्याहून सोप्या. लांब दांड्याच्या ओगराळ्यासारखं पांढरं भांडं पाण्यात तिरकं घालून अलगद भरून घ्यायचं. आपली सावली पडू द्यायची नाही, नाहीतर अळ्या झटकन तळाला जातात. भांडं स्थिर धरून थोडा वेळ थांबलं की त्या श्वास घ्यायला वर येतात. पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते ती ॲनोफिलीसची अळी. तिला श्वासनळी नसते. डोकं खाली करून तिरकी लोंबकळणारी, लांब सडपातळ नळीची ती क्युलेक्सची. तशीच लोंबकळणारी पण आखूड, जाड नळीची ती एडिसची.

एवढ्या ओळखीने काय साधतं, ते शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पाहावं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत जिरवलं, उघडी गटारं बंद केली. गटारच उरलं नाही तेव्हा डास हटले, आणि हे काम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलं. माझ्या मते ग्रामीण आरोग्यात अलीकडे झालेल्या सर्वांत शहाण्या कामांपैकी हे एक आहे. काळ्या मातीत पाणी सावकाश जिरतं, त्यामुळे खड्डा नीट बांधावा लागतो, अधूनमधून उपसावा लागतो. पण त्याने मुख्यतः बंदोबस्त होतो तो क्युलेक्सचा. गल्ली कोरडी ठणठणीत झाली तरी घरातल्या रांजणात एडिस वाढू शकतो.

आणि मराठवाड्यात पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. नळ चार-आठ दिवसांनी येत असेल तर ड्रम भरून ठेवावाच लागतो. दुष्काळी पट्ट्याला हे जुनंच दुखणं आहे. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाची साथ आली. पुढे तीसहून अधिक वर्षं देशात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला, आणि 2006 मध्ये परतला तेव्हा मराठवाड्यातल्या गावोगावी लोकांचे सांधे धरले. एडिसच पसरवतो त्या झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण 2021 च्या जुलैत सापडला तोही पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या खेड्यात. डेंग्यूचा डास शहरातला, ही समजूत आता सोडायला हवी.

रांजण नुसता उपडा करूनही भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळताना आतली भिंत काथ्याने खसाखसा घासायची. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे हे दर आठवड्याला करायचं.

कुठल्या पाण्यात कोणता डास वाढतो, याचा नकाशा काढण्याची कल्पना नवी नाही. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला आणि 1911 च्या अहवालात बोट ठेवलं ते विहिरींवर. तिथे वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी शहरात हिवताप पसरवत होता. हाच डास 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि आता त्या खंडातल्या शहरांची झोप उडवतो आहे.

गावाकडचा हिवताप मात्र मुख्यतः ॲनोफिलीस क्युलिसिफेसीसचा. तो रात्री चावतो आणि दिवसा गोठ्यात, घरात विसावतो. डोळ्यांना तो एकच दिसतो, पण गुणसूत्रं तपासल्यावर त्याच्यात पाच वेगळ्या प्रजाती निघाल्या. त्यांतली ‘बी’ हिवताप फारसा पसरवत नाही. तेव्हा गोठ्यात डास किती, एवढ्यावरून धोका ठरत नाही. त्यातला कोण, हे तपासावं लागतं. इथे मात्र प्रयोगशाळाच हवी.

आरोग्य कर्मचारी कंटेनर सर्वेक्षण करतात तेव्हा शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, यावरून ब्रेटो निर्देशांक काढतात. आकडा उपयोगाचा, पण त्यात करवंटी आणि सिमेंटचा हौद यांना सारखाच मान. दहा करवंट्यांतून निघतील त्याहून कितीतरी जास्त डास एकट्या हौदातून निघू शकतात. म्हणून अळ्यांबरोबर कोषही मोजावेत, कारण डास होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असतात ते कोष.

गावातल्या पाण्याचा आणि डासांचा असा नकाशा पुसेगावातल्या शाळेची मुलं शिक्षकांबरोबर सहज काढू शकतील. मोबाइलवर जागेची नोंद, पाण्याचा प्रकार, झाकण आहे का, अळी कुठली, तारीख. नासाच्या ग्लोब ऑब्झर्व्हर ॲपमध्ये याच नोंदीची सोय आहे. स्पेनमध्ये 2018 साली एका सामान्य नागरिकाने पाठवलेल्या फोटोमुळे एडिस जॅपोनिकस हा त्या देशात कधी न दिसलेला डास उघडकीला आला होता. नोंदी मात्र वर्षातून तीन-चारदा हव्यात. उन्हाळ्यात ड्रम, पावसात टायर आणि करवंट्या, पाऊस सरल्यावर ओढ्यात तुटक राहिलेली डबकी, असा नकाशा बदलत जातो. तो आरोग्य केंद्राला दिला की कुठे ॲबेट हे अळीनाशक टाकायचं, कुठे झाकण पुरेल आणि कुठल्या विहिरीत गप्पी मासे सोडायचे, हे नेमकं ठरवता येतं. गप्पी विहिरीत आणि हौदातच सोडावेत, नदीत नको. तो दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, आणि नदीतल्या आपल्या लहान माशांवर संक्रांत येऊ शकते.