कोशांतील जवळचा शब्द

संगणकयंत्राला अर्थ कळत नाहीं. त्याला चिन्हें मोजतां येतात, एवढेंच. मग ‘पुसतक’ हा शब्द कोशांत न सांपडल्यास त्याला ‘पुस्तक’ कसें सुचतें? सोव्हिएट गणिती व्लादिमीर लेवेन्श्टाइन यांनीं १९६५ सालीं, सांकेतिक संदेशांतील बिघाड दुरुस्त करण्याच्या विचारांतून, एक माप मांडलें. चिन्ह घालणें, गाळणें किंवा बदलणें ही एकेक पायरी. ज्या शब्दाला कमींत कमी पायऱ्या लागतात, तो सर्वांत जवळचा. येथें एक हलन्तचिन्ह घातलें कीं काम झालें. आदल्याच वर्षीं अमेरिकेंत फ्रेडरिक डॅमेराऊ यांना आढळलें होतें कीं, शेंकडा ८० हून अधिक चुका एकच अक्षर सुटल्यानें, वाढल्यानें, बदललें गेल्यानें किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाल्यानें होतात. म्हणून एका पायरीवरचे शब्द प्रथम तपासले कीं बहुधा भागतें.

बहुधाच! ‘दीनांचा कैवारी’ लिहितांना ‘दिनांचा’ असें झालें, तर चूक एकाच पायरीची. पण ‘दिन’हि कोशांत आहे. बिचारा कैवारी दिवसांचा होऊन छापला जातो आणि नुसतें अंतर मोजणारें यंत्र गप्प राहतें. तेथें मग ‘कैवारी’ या शब्दाजवळ ‘दीन’ अधिक वेळां येतो कीं ‘दिन’, याचीहि मोजदाद ठेवावी लागते.