स्कुबाच्या टाकीत पाणी गेलंय? भंगारातल्या मोटरवर धुवा, हेअर ड्रायरने सुकवा

मालवण : तारकर्ली, देवबाग, मालवणात स्कुबावर अनेक घरं चालतात. बोट, सूट यांची देखभाल होते, पण टाकी आतून कोण बघतं? खरा धोका तिथेच आहे.

पाणी आत जातं कसं?
टाकी पार रिकामी होईपर्यंत वापरली की समुद्राचं पाणी आत शिरू शकतं. ओला वॉल्व्ह तसाच कॉम्प्रेसरला जोडला किंवा कॉम्प्रेसरचा फिल्टर संपला, तरी ओलावा जातो. लोखंडी टाकी मग आतून गंजते. गंज हवेतला ऑक्सिजन खातो. टाकी बरेच दिवस भरून पडली असेल तर काटा प्रेशर बरोबर दाखवतो, पण आतली हवा श्वासाला पुरत नाही. पाण्याखाली माणूस बेशुद्ध पडू शकतो.

घरगुती रोलर
लोखंडी अँगलच्या फ्रेमवर दोन समांतर रॉड बेअरिंगमध्ये बसवा. रॉडवर रबरी पाइप चढवा, म्हणजे टाकी घसरणार नाही. जुनी मोटर, पुली आणि बेल्ट लावून एक रॉड हळू फिरवा. बेल्टवर जाळी हवीच. जवळ पाणी असतं, म्हणून अर्थिंग आणि ईएलसीबीशिवाय मोटर चालू करू नका.

लोखंडी टाकीत साधारण अर्ध्यापर्यंत सिरॅमिक चिप्स, थोडं गोडं पाणी आणि सौम्य साबण घालून फिरवा. मधे मधे टॉर्चने आत बघा. समुद्राची वाळू घालू नका, त्यात मीठ असतं. ॲल्युमिनियमच्या टाकीला कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड लावायचं नाही. रॉकेल, थिनर, तेल तर कुठल्याच टाकीत नको.

सुकवणी
गरम, गोड्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा आणि लगेच सुकवा. थांबलात तर लोखंडावर पुन्हा गंज धरतो. लाकडी घोडीवर टाकी उलटी ठेवा. अर्धा इंची सीपीव्हीसी नळी तळापर्यंत वर सरकवा आणि खालून हेअर ड्रायरची कोमट हवा सोडा. नळी गळ्यापेक्षा बारीक हवी, तरच दमट हवा बाजूने बाहेर पडेल. जाळावर किंवा शेगडीवर टाकी कधीच ठेवू नका.

हे विसरू नका
• गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, भरलेल्या टाकीत २०० बार. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय वॉल्व्हला पाना लावू नका. वॉल्व्ह काढणं-बसवणं जाणकाराकडूनच करा.
• पाऊण इंची आणि एम२५ आटे दिसायला सारखे असतात. एकाचा वॉल्व्ह दुसऱ्यात बसवला तर तो उडून जीव जाऊ शकतो.
• खोल खड्डे किंवा चीर दिसली तर टाकी भरू नका. ती मान्यताप्राप्त केंद्रात तपासा. घरची धुलाई म्हणजे हायड्रो टेस्ट नव्हे.
• टाकीत किमान ५० बार हवा शिल्लक असतानाच वर या. समुद्राचं पाणी आत शिरण्याची शक्यता कमी होते.