अनुमोदनेचे ओझे

जैन दर्शनाने हिंसेचा विचार करणाऱ्याच्या हातापाशी थांबविलेला नाही. स्वतः केलेली ती कृत, दुसऱ्याकरवी करविलेली ती कारित आणि जिला संमती दिली ती अनुमोदित. तिन्हींचा कर्मबंध आत्म्याला होतोच. यांतील तिसऱ्या प्रकाराचे दुःख एका जर्मन मातेने जन्मभर वाहिले. त्या चित्रकर्तीचे नाव केटे कोलविट्झ.

१८६७ साली जन्मलेल्या केटे बर्लिनच्या कामगार वस्तीत राहत. पती कार्ल तेथे गोरगरिबांवर उपचार करीत. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि धाकटा मुलगा पीटर सैन्यात जाण्यास अधीर झाला. वय अवघे १८; वडिलांच्या अनुमतीवाचून जाता येत नव्हते आणि वडिलांचा ठाम विरोध होता. मुलाने आईकडे पाहिले. आईनेच पतीचे मन वळविले. ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर पीटर मारला गेला.

हे दुःख चित्रात उतरविण्यासाठी केटेंनी अनेक माध्यमे चाचपली. अखेर त्या लाकडी ठशाकडे वळल्या. लाकूड कोरले की तेवढा भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेला काळा उमटतो. मधल्या सौम्य छटांना तेथे फारसा वाव नाही. १९२१-२२ मध्ये त्यांनी ‘युद्ध’ ही सात ठशांची मालिका पूर्ण केली. तीत रणांगण नाही, तोफा नाहीत. पहिल्या ठशात आई आपले तान्हे बाळ पुढे करते आहे. दुसऱ्यात मृत्यू ढोल बडवीत निघाला आहे आणि तरुण भान हरपून त्याच्यामागे चालले आहेत; त्याच्या अगदी निकट पीटर आहे. पुढे शोकाकुल माता-पिता येतात, विधवा येतात. सहाव्या ठशात साऱ्या आया एकमेकींना बिलगून कडे करतात आणि मुलांना आत लपवितात. बाळ पुढे करणारे हात आता त्याला घट्ट धरून ठेवतात.

पीटरच्या स्मारकावरही त्या वर्षानुवर्षे झटत राहिल्या. १९३२ मध्ये बेल्जियममधील सैनिकांच्या दफनभूमीत गुडघे टेकलेल्या माता-पित्याचे दोन पुतळे उभे राहिले. मुखे कार्ल व केटे यांचीच आहेत. १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धाने त्यांचा नातूही हिरावला. त्याचेही नाव पीटर होते.

केटेंनी दोष राजाला वा शत्रूला देऊन स्वतःची सुटका करून घेतली नाही. आपली संमती त्यांनी लाकडावर कोरून जगापुढे ठेवली. आपल्या परिभाषेत हीच आलोचना. प्रतिक्रमणाला बसताना, ‘मी तर काहीच केले नाही’ असे म्हणण्यापूर्वी, घरात, पेढीवर आणि समाजात आपण कशाकशाला मान डोलाविली, हेही आठवावयास हवे.