ओलावामापकाचा आकडा अचूक कसा होतो?

जमिनीतील ओलाव्याचा आकडा चुकला की पाण्याची पाळी चुकते. पीक ताण सोसते किंवा मुळाशी पाणी साचते. म्हणून विद्युत ओलावामापकातील आकडा कसा तयार होतो, हे समजून घेणे इष्ट आहे.

जमिनीत रोवलेल्या कांडीकडून ओलाव्यानुसार कमीजास्त विद्युतदाब येतो. उपकरणातील परिवर्तक त्याचे आकड्यांत रूपांतर करतो. १० बिटांचा परिवर्तक ५ व्होल्टचे १,०२४ भाग पाडतो. एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा होतो. परंतु उन्हाने उपकरण तापले की त्याचे शून्य सरकते व मोजण्याचे प्रमाणही बदलते.

स्वयंसमायोजन करणारे उपकरण हा दोष स्वतःच काढते. ते मधूनमधून आधी शून्य दाब व नंतर एक ठरावीक, स्थिर दाब मोजून पाहते. समजा, शून्याच्या जागी ६ आणि २.५ व्होल्टला ५१२ ऐवजी ५२८ आले. म्हणजे ५१२ भागांच्या जागी ५२२ मोजले गेले. आता कांडीचा आकडा २६७ आल्यास उपकरण त्यातून ६ वजा करते व उरलेल्या २६१ ला ५१२ ने गुणून ५२२ ने भागते. खरा आकडा २५६ मिळतो.

मात्र खारवट जमीन किंवा कांडीभोवतीची पोकळी यांमुळे येणारी चूक अशाने सुधारत नाही. त्याकरिता मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून, वजनातील घटीशी आकडा ताडून पाहावा.